‘तयारी दर्शविली’ असं कुणीच म्हणालं नव्हतं: हिंगण्यातल्या एका चौकशीचा अभ्यास

मे महिन्यातली दुपार. नागपुरात मे म्हणजे काय, ते सांगायला नको. खोलीत कूलर होता, पण तो चालू केला की साक्षीदाराचं बोलणं ऐकू येईना, आणि बंद केला की टायपिंग करणारा मुलगा दर दोन ओळींना रुमाल काढी. शेवटी बंदच ठेवला. समोरचा माणूस पॅकिंग विभागातला लोडर, ठेकेदाराकडचा, पन्नाशीचा. त्यानं पाच-सात मिनिटं सांगितलं, मुलानं टाइप केलं, कागद निघाला आणि मी तो त्याला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: ‘प्रतिवादी यांनी तक्रारदार यांना रागावण्याचे कारण विचारले व दुचाकीवरून घरी सोडण्याची तयारी दर्शविली.’

लोडर जरा वेळ माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “बाई, हे म्या नाही म्हटलं.”

खरंच नव्हतं म्हटलं. तो काय म्हणाला होता ते पुढं येईल. आधी प्रकरण सांगते.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३, ज्याला सगळे ‘पॉश कायदा’ म्हणतात, त्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशी समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. तो बाहेरचा माणूस का हवा, हे या प्रकरणात मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नाव, पत्ता, ओळख यांतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नसतं; ओळख न देता मिळालेल्या न्यायाची माहिती सांगायला मात्र हरकत नाही. म्हणून हुद्दे, विभाग, तारखा आणि मालाचा प्रकार मी बदलले आहेत. घडलं ते तसंच ठेवलंय.

तक्रारदार क्वालिटी विभागात, एकतीस वर्षांची. प्रतिवादी उत्पादन विभागातला शिफ्ट इन्चार्ज, चव्वेचाळीसचा. कागदोपत्री तो तिचा साहेब नव्हता. पण पाळ्यांचा तक्ता तो भरायचा, आणि कारखान्यात ज्याच्या हातात तक्ता त्याच्या हातात माणसाची संध्याकाळ.

३ एप्रिलला तिनं सहा पानी अर्ज दिला, हातानं लिहिलेला, एकच प्रत. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात. एचआर मॅनेजर म्हणाले, “मॅडम, अर्ज अपूर्ण आहे, परत देऊ का?” मी म्हटलं, झेरॉक्स मशीन कुठंय? पाच प्रती आम्हीच काढल्या.

अर्जात सगळं एकत्र होतं. खंडेनवमीच्या रात्री आलेला व्हॉट्सॲप मेसेज. नोव्हेंबरात पाळी बदलताना तिच्या बांध्यावर केलेली शेरेबाजी. ११ जानेवारीला वजनकाट्याजवळ धरलेला हात. त्यानंतर दोनच दिवसांत पहिल्या पाळीतून दुसऱ्या पाळीत टाकणं. ओव्हरटाइम बंद. पगारवाढ कमी. फेब्रुवारीत कॅन्टीनमध्ये चारचौघांत मारलेला टोमणा, “तुमचं काय, तुम्ही तर कोट्यातले.” आणि शेवटचं पान नुसतं तिच्या मनात काय काय चाललं होतं त्याचं.

तीन महिन्यांची मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, त्यामुळे ऑक्टोबरातला मेसेजही मालिकेतला म्हणून आत आला. मार्चमधले दोन आठवडे मात्र फुकट गेले होते. एचआरनं दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून “बसून मिटवून टाका” असा प्रयोग केला होता. समेटाची तरतूद कायद्यात आहे, कलम १०. पण ती लेखी तक्रार आल्यावर, महिलेनंच मागितली तर, आणि पैशाची तडजोड तिचा पाया असू शकत नाही. इथं तिनं मागितली नव्हती. त्या बैठकीनंतर एचआरनं सगळ्या विभागप्रमुखांना ‘घडलेल्या प्रकाराबाबत’ अशा विषयाचा ईमेल पाठवला आणि कुणाचं नाव नसलं तरी संध्याकाळपर्यंत फाटकावरच्या वॉचमनलाही माहीत होतं. आम्ही अहवालात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. मॅनेजरना तो आवडला नाही.

आमचं पहिलं काम होतं अर्जाचे मुद्दे पाडणं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि नव्वद टक्के चौकशा इथंच बिघडतात असं माझं मत आहे. अर्ज लिहिणारी बाई गोष्ट सांगते. समितीला गोष्टीवर निर्णय देता येत नाही, मुद्द्यावरच देता येतो. आम्ही सात मुद्दे काढले. प्रत्येकापुढं चार रकाने: काय घडलं असं तिचं म्हणणं, केव्हा आणि कुठं, कुणाला माहीत असण्याची शक्यता, आणि हा मुद्दा आपल्या कक्षेत येतो का. तो कागद तिला वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि सही केली.

चौथ्या रकान्यात कॅन्टीनचा टोमणा अडकला. दीक्षाभूमीच्या शहरात असं वाक्य चारचौघांत कानावर पडतं तेव्हा त्याचं वजन काय असतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण पॉश समितीला जातीवरून झालेल्या अपमानावर निष्कर्ष देण्याचा अधिकार नाही. अध्यक्ष मॅडमचं म्हणणं होतं की कलम ३ मध्ये अपमानास्पद वागणूक येते, त्यात बसवू. मी नको म्हटलं. तिथं लैंगिक छळाशी जोडलेली वागणूक अपेक्षित आहे. ओढून बसवलं तर अपिलात पहिला दगड तिथंच पडेल आणि बाकीची भिंतही हलेल. म्हणून तो मुद्दा तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, वेगळ्या पत्रानं त्याच आठवड्यात व्यवस्थापनाकडे पाठवला. त्याची वेगळी चौकशी करा, असं लिहिलं. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली तिला थेट पोलिसांत जाता येतं आणि तसं करायचं ठरवलं तर कंपनीनं मदत करायची, हे तिला लेखी कळवलं. ती तेव्हा गेली नाही. माझं मत आजही इथं थोडं डळमळतं. तिच्यासाठी तो एकाच माणसाकडून आलेला एकच त्रास होता, आणि आम्ही त्याचे दोन फायलींत दोन तुकडे केले.

समिती चौघांची. स्टोअर्समधले सदस्य पहिल्या बैठकीत फारच शांत होते. चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं, “मॅडम, मी आणि तो रोज एकाच गाडीवर येतो. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनपासून.” मी त्यांचे मनापासून आभार मानले. त्यांनी त्याच दिवशी लेखी दिलं आणि ते बाजूला झाले. उरलो तिघी. नियमाप्रमाणे चौकशीला अध्यक्षासह कमीत कमी तीन सदस्य लागतात, म्हणजे आता कुणालाही आजारी पडायची सोय नव्हती. मे महिन्यात प्रयोगशाळेतल्या मॅडमना ऊन लागलं आणि एक तारीख गेलीच.

तक्रारदारानं अंतरिम मागणी केली तेव्हा कंपनीचा पहिला विचार होता तिलाच बुटीबोरीच्या युनिटला पाठवायचा. ‘तिच्या सोयीसाठी.’ तिचं घर सक्करदऱ्याला. सोय कुणाची, ते नकाशाच सांगतो. कलम १२ प्रमाणे बदली तिची किंवा त्याची कुणाचीही करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही देता येते, पण ती तिनं मागितली पाहिजे. तिला एवढंच हवं होतं: पहिली पाळी परत, आणि क्वालिटीचा तक्ता क्वालिटीच्या प्रमुखानं भरावा. दोन्ही शिफारसी चार दिवसांत अमलात आल्या.

तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला द्यायची असते. आम्ही ९ एप्रिलला दिली, मुद्द्यांच्या तक्त्यासह. त्यानं दहा कामकाजाच्या दिवसांच्या आत, २२ एप्रिलला उत्तर दिलं. भाचा वकील होता, तो पहिल्या दिवशी काळा कोट घालून आला. वकील आणता येत नाही हे सांगितल्यावर बाहेरच्या बाकावर बसून राहिला, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी दोन वेळा पाठवलं.

याच सुमारास पुण्याच्या हेड ऑफिसातून फोन आला: पंधरा दिवसांत संपवा. मी त्यांना गोवा विद्यापीठाच्या प्रकरणाची आठवण दिली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या एका प्राध्यापकाची बडतर्फी रद्द केली. आरोप खोटे म्हणून नाही, तर समितीनं घाईघाईत चौकशी उरकली आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही म्हणून. प्रकरण परत समितीकडे गेलं. म्हणजे घाई केली की शेवटी तक्रार करणाऱ्या बायकांनाच पुन्हा साक्षीला यावं लागतं. आपल्याला कायदा नव्वद दिवस देतो. आमचा नव्वदावा दिवस २ जुलै होता.

सुनावण्या कारखान्यात घेतल्या नाहीत. तिथल्या मीटिंग रूमला काचेची भिंत आहे आणि समोरच पंचिंग मशीन. धरमपेठेत एका ओळखीच्या संस्थेची खोली घेतली. गोपनीयतेची सगळी तयारी केली असं वाटत होतं, आणि मग पहिला साक्षीदार गेटपास हातात धरून आला. ‘कारण’ या रकान्यात वॉचमननं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पॉश चौकशी. ही चूक आमची. गेटपास कसा लिहायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता साक्ष.

११ जानेवारीबद्दल तक्रारदारानं लिहिलं होतं, ‘व्हर्नियर परत घेताना त्याने माझा हात धरला.’ (व्हर्नियर म्हणजे माप घ्यायचं सरकत्या जबड्याचं हत्यार.) प्रतिवादीचं उत्तर: हात धरलाच नाही, शेजारी माणूस उभा होता, त्याला विचारा. माणूस म्हणजे हा लोडर. आणि त्याच्या टाइप केलेल्या जबाबात पहिलंच वाक्य, ‘प्रतिवादी यांनी हात धरला नाही.’ इथं थांबलो असतो तर मुद्दा संपला होता.

मी टाइप केलेला कागद बाजूला ठेवला, वहीचं पान घेतलं आणि त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो बोलेल ते आणि तसंच लिहिलं:

“म्या तिथंच डब्बे लावून राहिलो होतो. साहेबानं व्हर्नियर मांगला, पाहिला. वापस देतानी मॅडमचे बोटं सोडले नाही. हात धरला नाही, खरं सांगतो. बोटं. मॅडमनं झटका देऊन वढला. मंग साहेब पाहून राहिला तिच्याकडं. म्हणे, काहून भडकून राहिली, पोट्टे? गाडीवर सोडून देतो न.”

हे आणि ‘तयारी दर्शविली’ यांची जरा तुलना करा. टायपिंगच्या मुलाची काही लबाडी नव्हती. त्याला शाळेपासून शिकवलंय की सरकारी कागदावर वऱ्हाडी लिहायची नसते. त्यानं इस्त्री मारली, आणि इस्त्रीखाली सुरकुती गेली, डागही गेला. त्या दिवसापासून आम्ही जबाब हातानं, बोललेल्या बोलीत लिहिले, पानोपानी सही घेतली, आणि टाइप केलेली प्रत फक्त सोबत जोडली.

तरी ‘हात’ आणि ‘बोटं’ यांचा मेळ बसेना. स्टोअरमधून सहा इंची व्हर्नियर मागवला. आधी तक्रारदाराला एकटीला बोलावून विचारलं, दाखवा. तिनं माझ्या हातात तो दिला आणि परत घेताना माझी बोटं सरकत्या जबड्यावर कशी दाबून ठेवायची ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोडरला तेच विचारलं. त्यानं अंगठा तिथंच ठेवला, त्याच खाचेवर. दोघांची गाठ पडलेली नव्हती. प्रतिवादीलाही तीच संधी दिली. तो म्हणाला, हत्यार देता-घेताना हाताला हात लागतोच. तेही खरंच आहे, लागतो. पण समोरच्यानं ओढेपर्यंत दाबून राहत नाही.

निष्कर्ष लिहिताना आम्ही ‘हात धरला’ असं लिहिलं नाही. ‘तक्रारदाराची बोटं व्हर्नियरवर दाबून ठेवली व तिने झटका देऊन ओढेपर्यंत सोडली नाहीत’ असं लिहिलं. जेवढं सिद्ध झालं तेवढंच, तिच्या शब्दांपेक्षा थोडं कमी. ती हे वाचून नाराज झाली. पण अहवालाच्या वाक्यात साक्षीत नसलेला एक शब्द सापडला की पुढचा माणूस बाकीच्या वाक्यांवरही संशय घेतो.

मेसेजचं प्रकरण वेगळं. तिच्याकडे फक्त स्क्रीनशॉट होता, वेळ दिसणारा, तारीख नसलेला. रागाच्या भरात तिनं चॅट उडवून टाकलं होतं. मजकूर: ‘झोपली का? निळी साडी लय शोभून राहिली होती आज.’ लेखी उत्तरात प्रतिवादी म्हणाला, बनावट आहे. सुनावणीत म्हणाला, बायकोला पाठवायचा होता, चुकून तिकडं गेला. माणसं घाबरली की उत्तरं बदलतात, म्हणून एवढ्यावर आम्ही काही ठरवलं नाही. तिनं तो स्क्रीनशॉट त्याच रात्री अकरा सेहेचाळीसला बहिणीला पाठवला होता. बहिणीच्या फोनवर तारीख होती, खंडेनवमीची. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते, गणवेश नसतो, सगळे नटूनथटून येतात. नोटीस बोर्डावर अजून तो ग्रुप फोटो लावलेला होता. फोटोत पाच बायका आणि निळी साडी एकच. त्याच्या पत्नीला साक्षीला बोलवायचं का, असा प्रश्न निघाला. आम्ही बोलावलं नाही. ज्याला उत्तर आधीच मिळालं होतं त्या प्रश्नासाठी एका तिऱ्हाईत बाईला त्या खोलीत बसवायचं नव्हतं.

पाळीबदलाच्या मुद्द्यावर त्याचा बचाव भक्कम दिसत होता. त्यानं २० जानेवारीचा छापील तक्ता दिला. त्यात क्वालिटीच्या चौघांची पाळी बदललेली, ती त्यांतली एक. प्लांट हेडनं साक्षीत सांगितलं, हो, १९ तारखेच्या बैठकीत मीच सांगितलं होतं. तिथं माझीही मान हलली. मग प्रयोगशाळेतल्या मॅडमनी विचारलं, सॉफ्टवेअरमध्ये नोंद कधीची आहे? आयटीवाल्यानं लॉग काढून सही करून दिला. बाकी तिघांची नोंद २७ जानेवारीला, प्लांट हेडच्या लॉगिननं. तिची १३ जानेवारीला संध्याकाळी, प्रतिवादीच्या लॉगिननं. म्हणजे ज्या बैठकीचा आधार तो देत होता, त्या बैठकीच्या सहा दिवस आधी. वजनकाट्याच्या घटनेनंतर दोन दिवसांनी.

ओव्हरटाइम आणि पगारवाढ यांत काही निघालं नाही. रजिस्टर सांगत होतं की जानेवारीपासून अख्ख्या विभागाचा ओव्हरटाइम कापला गेला, ऑर्डरच कमी होत्या. पगारवाढीचे आकडे पुण्याहून ठरले, त्यात त्याचा हात नव्हता. दोन्ही मुद्दे ‘सिद्ध नाही’. इथं एचआरनं हळूच सुचवलं की मग याला ‘खोटी तक्रार’ म्हणता येईल का. नाही. कलम १४ स्पष्ट आहे: तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती दुष्ट हेतूची ठरत नाही. तिला पगार कमी दिसला, एकच माणूस तिच्यामागं लागलेला दिसला, तिनं दोन्ही जोडलं. कुणीही जोडलं असतं.

नोव्हेंबरातल्या शेरेबाजीवर आमचं एकमत झालं नाही. हजर असलेले दोघं म्हणाले, ‘आठवत नाही.’ तिच्याकडे त्याच संध्याकाळी बहिणीला केलेला मेसेज होता: ‘आज परत बोलला तो. सगळ्यांसमोर. किळस आली.’ प्रयोगशाळेतल्या मॅडमचं म्हणणं, सगळ्यांसमोर झालं तर दोघांपैकी एकाला तरी आठवायला हवं. अध्यक्षांचं आणि माझं म्हणणं, ‘आठवत नाही’ म्हणजे ‘झालं नाही’ नव्हे, आणि दोघंही त्याच्याच हाताखाली आहेत. ही फौजदारी कोर्टाची पायरी नाही. संशयाला तिळभर जागा उरू नये इतका पुरावा इथं लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच पाहायचं. दोघी विरुद्ध एक असा तो मुद्दा सिद्ध ठरला. भिन्न मत अहवालात पूर्ण छापलं, प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या सहीसह. एचआरला ते नको होतं, “कमजोर दिसतं” म्हणून.

प्रतिवादीला साक्षीदारांना प्रश्न विचारायचे होते. समोरासमोर उलटतपासणी नको म्हणून लेखी प्रश्न घेतले, चौदा. अकरा आम्ही विचारले, जसेच्या तसे. तीन नाकारले: तिचा घटस्फोट का झाला, ती संध्याकाळी कुणासोबत जाते, आणि आधीच्या नोकरीत तिनं अशी तक्रार केली होती का. प्रत्येक नकाराचं कारण पान ११ वर लिहिलं. त्यानं एक जुना युक्तिवादही केला, अंगाला हात लागला नाही तर छळ कसला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच, निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही हे सांगितलंय. ते एका वाक्यात घेतलं आणि पुढं गेलो.

अहवालाचा पहिला मसुदा अध्यक्ष मॅडमनी केला होता. त्यात ‘प्रतिवादी विकृत मनोवृत्तीचा आहे’ असं होतं. काढलं. ‘तक्रारदार जबाब देताना रडत होती, त्यावरून तिचे म्हणणे खरे वाटते’ हेही काढलं. रडणं पुरावा नव्हे, आणि उद्या न रडणाऱ्या बाईचं काय करायचं? प्रतिवादीबद्दल त्याची मुलगी बारावीला आहे असं एक वाक्य होतं, कुणी घातलं ठाऊक नाही, तेही गेलं.

दोघंही कर्मचारी असले की निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन हरकती मागवाव्या लागतात. हे बऱ्याच समित्या करतच नाहीत. आम्ही १२ जूनला दिली, आणि बरं केलं. प्रतिवादीनं लिहिलं: तुम्ही म्हणता ती १३ जानेवारीपासून दुसऱ्या पाळीत होती, हजेरीपट बघा. बघितला. नोंद १३ ची होती, पण अंमल १६ पासून. तीन दिवस ती पहिल्याच पाळीत आली होती. त्याचं बरोबर होतं, आमचं चूक. दुरुस्त केलं, आणि ‘प्रतिवादीच्या हरकतीवरून दुरुस्त’ असं तळटीपेत लिहिलं. निष्कर्ष तोच राहिला, कारण बदल केव्हा नोंदला हाच प्रश्न होता. २४ जूनला चौकशी संपली, १ जुलैला अहवाल कंपनीला दिला. एकोणीस पानं.

पुण्याहून आठ दिवसांनी दोन शंका आल्या. पहिली: ‘साक्षीदार म्हणतो, साहेब पाहून राहिला. म्हणजे पाहिल्यानंतर तिथेच थांबला का?’ दुसरी: ‘पोट्टी हा अपशब्द आहे का? असल्यास तसे नमूद करावे.’ मला हसू आलं आणि मग नाही आलं. ज्यांनी कारवाई ठरवायची त्यांना जबाबाची भाषाच परकी होती. आम्ही अर्धं पान लिहून पाठवलं. ‘पाहून राहिला’ म्हणजे नागपुरात ‘पाहत होता’. आणि पोट्टी म्हणजे मुलगी. आई लेकीला म्हणते, आजी नातीला म्हणते, मैत्रिणी एकमेकींना म्हणतात. प्रतिवादीचाही हाच बचाव होता, इथं सगळेच म्हणतात. शब्दात काही नाही, हे आम्ही मान्य केलं. पण एकतीस वर्षांच्या क्वालिटी इन्स्पेक्टरला, ठेकेदारी कामगारांसमोर, तिची बोटं सुटल्याबरोबर म्हटलेला ‘पोट्टे’ आणि आजीचा ‘पोट्टे’ एक नव्हेत. निष्कर्ष शब्दावर नाही, त्या क्षणावर आहे.

शिफारसी: लेखी ताकीद, एक वेतनवाढ रोखणं, पाळ्यांच्या तक्त्याचं काम कायमचं काढून घेणं, समुपदेशन. भरपाई म्हणून फक्त तिची डॉक्टरांची बिलं. ओव्हरटाइमचा मुद्दा सिद्ध न झाल्यानं त्याची रक्कम धरली नाही. बडतर्फी का नाही, असं मला तिच्या बहिणीनं फोनवर विचारलं. जेवढं सिद्ध झालं त्याच्या मानानं आम्हाला हे योग्य वाटलं. तिला वाटलं नाही. कंपनीनं साठ दिवसांच्या आत सगळं अमलात आणलं. प्रतिवादीनं अपील केलं, नाकारलेले तीन प्रश्न आणि भिन्न मत या दोन मुद्द्यांवर. ते अजून चालू आहे.

जातीच्या टोमण्याची वेगळी चौकशी प्लांट हेड आणि पुण्याच्या एका अधिकाऱ्यानं केली. तिचा निकाल मला कळवला गेला नाही, कळवायचं बंधनही नव्हतं.

लोडरच्या गेटपासची मुदत ३१ जुलैला संपली. ठेकेदारानं ती वाढवली नाही. तो सांगायला आला तेव्हा त्याच्याबरोबर पुतण्या होता, आणि तो स्वतः फार काही बोलला नाही. “काम नाही म्हणे” एवढंच. समितीचं काम अहवालापाशी संपलं होतं, तरी आम्ही तिघींच्या सहीनं कंपनीला पत्र दिलं: साक्षीदाराचं काम अहवालानंतर महिन्याभरात कसं गेलं ते तपासा. उत्तर ठेकेदाराच्या लेटरहेडवर आलं, एका ओळीचं. मनुष्यबळ कमी करण्यात आले आहे. मी पॅकिंगच्या हजेरीपटाची प्रत मागवली. जुलैत चौदा लोडर होते, ऑगस्टमध्येही चौदा. त्याच्या जागी एक नवीन नाव होतं.

दुसरं पत्र गेलंय. त्याची पोच आणि हजेरीपटाची प्रत मी अहवालाला जोडून ठेवली आहे, पान २० म्हणून.